फेफरं, डुक्कर आणि आपण

हा अंक दोन महिने उशिरा निघतोय. कागदासाठी जमवलेले पैसे मी एका दोस्ताच्या डोक्याचा फोटो काढण्यात घातले. मंडळातल्या कुणाला विचारलं नाही. विचारत बसलो असतो तर चर्चा झाली असती, ठराव झाला असता, ठरावाला उपसूचना आली असती, आणि पोराचं डोकं तसंच राहिलं असतं. हिशेब शेवटच्या पानावर दिलाय. ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी आधी हे वाचावं, मग खुशाल घालाव्यात.

तो आमच्या टोळीतला. वय चोवीस. रात्रपाळीला जहाजाच्या पोटात आम्ही तांदळाच्या गोण्या रचत होतो. गोणी पाठीवर घेऊन तो वळला आणि जागीच थांबला. डावा हात आपोआप उडायला लागला. मला वाटलं साला मस्करी करतोय. मग तो पडला. दातखीळ, तोंडाला फेस, डोळे पांढरे, पॅण्ट ओली. सगळं मिळून दोन मिनिटं असेल. मला ती आख्ख्या पाळीएवढी वाटली. एकजण कांदा शोधायला वर धावला. एकाने दातांत हूकची लाकडी मूठ घालायला घेतली. मी त्याच्या छातीवर बसून हात दाबून धरले होते. नाकाला लावलेली चप्पल कुणाची म्हणाल तर माझीच. दहावी पास, कविता करणारा, विज्ञाननिष्ठेवर चौकात भाषणं ठोकणारा मी. त्याला माल उचलायच्या जाळीत घालून क्रेननं वर काढला तेव्हा तो शुद्धीवर येत होता आणि विचारत होता, ''मी कुठं हाय?''

दुसऱ्या दिवशी मुकादमानं नाव खोडलं. ''फिटवाला माणूस नको. मेला तर निस्तरायचं कुणी?'' खाली जहाजात त्यानं उतरू नये हे खरंच आहे, डॉक्टरही तेच म्हणाला. पण धक्क्यावर बसून गोण्या मोजायला काय धाड भरली होती? कंत्राटदाराच्या वहीत तसला रकाना नाही. माणूस एक तर पाठ असतो, नाही तर नसतो.

घरी मावशीनं भगत गाठला. ''बाबा, हे बाहेरचं हाय. आवसंच्या रातीलाच कसं झालं?'' म्हणाली. दोन कोंबड्या आणि एका आठवड्याची मजुरी गेली. ठरलेली सोयरीक मोडली. मुलीच्या मामानं निरोप धाडला की आमच्याकडं असलं कुणाला नाही. मावशीला मी काय बोलणार? ती अंधारात हात चाचपडत होती, आणि मी दिव्याखाली बसून चप्पल हुंगवली होती.

मग दवाखाना. फोटोत मेंदूच्या कडेला एक पांढरी कडी, वाटाण्याएवढी, मध्ये ठिपका. तरुण डॉक्टरनं केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, ''डुक्कर खातोस ना रे?'' मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. माझ्या दोस्तानं मान खाली घातली. बाहेर पडल्यावर बसस्टॉपपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, ''आपल्याच खाण्यानं झालं का रे?''

हे संपादकीय त्या एका वाक्यासाठी आहे. मलाही त्या दिवशी उत्तर माहीत नव्हतं. मेडिकलला असलेल्या आपल्या एका मित्राला रात्रभर पिळून आणि वाचनालयात बसून जे कळलं ते मांडतो.

जंताचं नाव टीनिया सोलियम. डुकरातला पट्टकृमी. फितीसारखा चपटा, माणसाच्या आतड्यात दोन-चार मीटर वाढतो आणि बहुतेकदा त्या माणसाला पत्ताही लागत नाही. त्याचे तुकडे शौचावाटे बाहेर पडतात, त्यांत हजारो अंडी असतात. उघड्यावरची ती घाण डुकरानं खाल्ली की अंड्यातून निघालेली अळी डुकराच्या मांसात गाठ करून बसते. ते मांस कच्चं राहिलेलं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पुन्हा नवा जंत. इथपर्यंत डॉक्टरचा प्रश्न बरोबर.

पण मेंदूतली गाठ अशी होत नाही. हे नीट वाचा, लोक इथंच गफलत करतात. मांसातली गाठ खाल्ली तर जंत आतड्यात होतो. अंडं गिळलं तर गाठ मेंदूत होते. आणि डुकराच्या मांसात अंडं नसतंच. अंडं येतं फक्त माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या न धुतलेल्या हातानं, त्याच्या घाणीवरून वाहिलेल्या पाण्यानं, त्या पाण्यावर पिकलेल्या आणि कच्च्या खाल्लेल्या भाजीनं ते दुसऱ्याच्या तोंडात जातं. किंवा त्याच्या स्वतःच्याच. म्हणून ज्या घरात एकाच्या पोटात जंत, त्या घराला धोका सगळ्यांत जास्त. अळी रक्तातून मेंदूत जाते, तिथं कधी वर्षानुवर्षं गप्प राहते, आणि ती मरायला लागली की भोवतालचा मेंदू सुजतो आणि फेफरं येतं. मोठं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. जन्मात डुकराला शिवलेला नाही अशा माणसालाही हे होतं, आणि होतंच आहे.

म्हणजे प्रश्न विचारायचा तर ''डुक्कर खातोस का'' एवढाच विचारून भागत नाही. तुझ्या वस्तीला संडास आहे का, त्या संडासाला पाणी आहे का, तुझ्या डुकरांना खायला काय मिळतं, हे विचारलं पाहिजे. पण तसं विचारलं तर मान खाली घालायची पाळी वेगळ्याच लोकांवर येते. एक आठवण देऊन ठेवतो. १९२७ साली आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली तेव्हा ते तळं शुद्ध करून घेतलं ते शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून. पाण्यात काय गेल्यानं माणूस आजारी पडतो याची अक्कल या देशात फार जुनी आहे म्हणतात!

हे सारं कालपरवा कळलेलं नाही. जर्मनीत फ्रिडरिश क्युखेनमायस्टर नावाच्या डॉक्टरनं १८५५ साली फाशीच्या एका कैद्याला डुकराच्या मांसातल्या या गाठी न सांगता जेवणातून खाऊ घातल्या. फाशीनंतर पोट उघडलं तर आतड्यात कोवळे जंत. झालं सिद्ध. त्या काळातही काही लोकांनी त्याला नावं ठेवली. मला त्या कैद्याचं जेवण डोळ्यांसमोर येतं, शेवटच्या दिवसांत बरं जेवण मिळालं म्हणून तो खूशही झाला असेल. त्या मुडद्याच्या जोरावर विज्ञान पुढं गेलं, युरोपात मांस तपासायला लागले, संडास-गटारं बांधली, आणि तिथून हा रोग जवळपास उठला. जिथं ते बांधलं नाही तिथं राहिला.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला झोपू देत नाही, म्हणून लांबण लावणार आहे.

न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग आधी डचांच्या ताब्यात होता. १९६३ साली तो इंडोनेशियाच्या हाती गेला. तिथल्या लोकांना स्वतःचं ठरवायचा हक्क देऊ म्हणाले, आणि १९६९ साली हजारएक निवडक माणसं उभी करून, लष्कराच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं. त्याला नाव दिलं 'स्वतंत्र निवडीची कृती'. नावं द्यायला राज्यकर्ते सगळीकडे हुशार. त्या डोंगराळ मुलखात पनियाई सरोवराकाठी एकारी लोक राहतात. डुक्कर म्हणजे त्यांची दौलत. सोयरीक, देणंघेणं, सण, भांडण मिटवणं, सगळं डुकरावर. तर या लोकांना सरकारकडून भेट आली. बाली बेटावरून आणलेली डुकरं. बालीत हा जंत होता. एकारींच्या डोंगरात तो तोवर नव्हता.

रात्री तिथं कडाक्याची थंडी. झोपडीत मधोमध विस्तव, आणि माणसं विस्तवाला बिलगून झोपतात. १९७१च्या सुमारास एनारोताली गावच्या दवाखान्यात भाजलेली माणसं येऊ लागली. एक नाही, दोन नाही, रीघच लागली. हात-पाय कोळसा झालेले. एवढ्या पिढ्या विस्तवाशेजारी झोपणारी माणसं आताच कशी भाजायला लागली? आणि भाजताना उठली कशी नाहीत? झोपेत फेफरं येत होतं, माणूस लोळत विस्तवात जात होता, आणि शुद्ध नसल्यामुळं जळतानाही बाहेर निघत नव्हता. इंडोनेशियाच्याच सुबियांतो, तुमाडा आणि मार्गोनो या डॉक्टरांनी १९७८ साली हे छापलं : भाजणं, फेफरं आणि डुकराचा जंत या तिघांची एकच साखळी.

सरकारनं मुद्दाम जंत धाडला असं मी म्हणत नाही. भेट देणाऱ्याला डुकरं तपासून पाठवायची गरज वाटली नाही, एवढंच म्हणतो. आणि डुकरांना दोष देऊ नका. एकारींनी त्यांना लेकरासारखं वाढवलं होतं.

साहेबाच्या देशातही हे पोचलं होतं, पण तिथं ते लगेच कागदावर आलं. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सोल्जरांना काही वर्षांनी फेफरं यायला लागलं. डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी १९६१ साली असल्या ४५० रोग्यांचा अहवाल काढला. साडेचारशे रोग्यांची एकेक नोंद आहे. त्याच छावण्यांत त्यांची घाण डोक्यावरून वाहणाऱ्या आपल्या माणसांचा असला अहवाल मला कुठं सापडला नाही. आणि न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू घरांत, जिथं डुक्कर निषिद्ध, तिथं चौघांना हा रोग निघाला. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. संशयाची सुई गेली घरात स्वयंपाक आणि धुणंभांडी करणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या बायांकडं. दोस्तहो, आपल्या आया-बहिणी कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात राबतात ते आठवा. असल्या बाईला एका डोसात बरं करता येतं. तिला कामावरून काढलं तर ती जंत घेऊन दुसऱ्या घरी जाते, एवढा साधा हिशेब आहे.

आपल्या देशातला घोळ आणखी वेगळा. डोक्याच्या फोटोत असली एकटीदुकटी बारीक गाठ दिसली की ती टीबीची समजून महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चारत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चांडी, राजशेखर वगैरे डॉक्टरांनी १९८९-९१च्या दरम्यान असल्या गाठी काढून तपासल्या, तर आत टीबी नव्हे, हीच अळी. पुढं त्याच जिल्ह्यात गावोगाव फिरून पाहिलं तेव्हा फेफऱ्याच्या रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत कारण हेच निघालं. लखनौजवळ डुकरं पाळणाऱ्यांच्या वस्तीत घरोघर तपासणी झाली, तिथं शंभरात जवळजवळ सहा माणसांना फेफरं, आणि त्यातल्या निम्म्याजवळ लोकांत या जंताची खूण. शंभरात सहा! आपल्याकडं वडार, कैकाडी डुकरं पाळतात. त्यांच्या पालांवर, झोपड्यांत कुणी घरोघर जाऊन मोजलं तर काय निघेल याचा विचार करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात सुमारे पाच कोटी लोकांना फेफरं आहे आणि त्यातले जवळजवळ ऐंशी टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. जिथं हा जंत आहे आणि डुकरं मोकाट आहेत तिथं फेफऱ्याच्या शंभरातल्या तिसांना कारण तोच, काही वस्त्यांत सत्तरांना. आफ्रिकेत दुसराही एक जंत आहे, नदीकाठच्या काळ्या माशीच्या चाव्यातून जाणारा, डोळे फोडणारा. कॅमेरूनमध्ये लहानपणी ज्यांच्या अंगात तो जास्त त्यांनाच पुढं फेफरं जास्त, असं २०१८ साली छापून आलं. युगांडा, दक्षिण सुदान, टांझानियात पोरं जेवता जेवता माना टाकत राहतात, तिथंही बोट त्याच जंताकडं जातं. वेगवान नदी, पाण्याजवळ राबणारा माणूस, आणि दूर असलेला दवाखाना. साखळी ओळखीची वाटते ना?

हे दैव नाही याचा पुरावा पेरूमध्ये आहे. तिथल्या तुंबेस भागात माणसांना जंताचं औषध दिलं, डुकरांना औषध दिलं आणि लस टोचली. १०७ खेड्यांपैकी १०५ खेड्यांत रोगाचं पसरणं थांबलं. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. आणि ऐका, या डुकरांच्या लशीचं संशोधन ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालं, पण ती बनवली आपल्या हैदराबादला, इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये. हैदराबाद काही पेरूएवढं लांब नाही. आपल्या नगरपालिकांची गाडी येते ती डुकरं पकडायला. गाडी येऊ शकते म्हणजे सुईही येऊ शकते.

आपल्यातलेच काही शहाणे आता म्हणतील, बघा, म्हणून सांगत होतो, डुक्कर सोडा, जरा सुधारा. मी सोडणार नाही. कुणाला सोडायचं असेल त्यानं खुशाल सोडावं, पण शरमेनं सोडू नये. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर घेऊ नका, आणि आतपर्यंत शिजवा, मध्ये लाल राहता कामा नये. बांधून, खाद्य घालून पाळलेल्या डुकराला माणसाची घाण मिळतच नाही, मग जंत कुठून होणार? कैकाड्याच्या डुकरावर मोर्चा नेऊ नका. मोर्चा संडासासाठी न्या.

कायद्याचीही एक गंमत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती करून वेडाच्या जोडीला फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके बसवले होते. म्हणजे फेफरंवाल्याचं लग्न रद्द करून मागता यायचं. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. कायद्यातून निघाला, मुलीच्या मामाच्या डोक्यातून अजून निघायचाय. मी त्याला जाऊन भेटलो. चहा पाजला त्यानं. बाकी काही नाही.

आता कामाचं. आपल्या प्रत्येक शाखेनं हे पाठ करावं, हवं तर भिंतीवर लिहावं. कुणाला फेफरं आलं तर चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं टोचणारं-लागणारं काढा, डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ आलं तर थेट दवाखाना. प्रत्येक फेफरं जंताचं नसतं, कारण डॉक्टरलाच ठरवू द्या. ज्याला फेफरं येतं त्यानं मेडिकलच्या दुकानातून जंताचं औषध आणून स्वतःच गिळू नये. मेंदूतली अळी एकदम मेली की सूज वाढते, त्यासाठी डॉक्टर आधी तपासतो, सोबत सुजेचं औषध देतो. आणि फेफऱ्याच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. शंभरातल्या सत्तर जणांचं फेफरं गोळ्यांनी आटोक्यात राहू शकतं. फेनोबार्बिटल ही त्यातली जुनी गोळी १९१२ पासून वापरात आहे आणि स्वस्त आहे. तरी वस्तीच्या दवाखान्यात महिन्याची गोळी महिन्याला न चुकता मिळते का, याची वही प्रत्येक शाखेनं ठेवावी. 'स्टॉक संपला' असं ज्या दिवशी ऐकलं ती तारीख लिहायची. त्या तारखा पुढच्या अंकात छापू, कवितांच्या आधी.

दोस्ताची गोष्ट राहिली. सात महिने गोळ्या चालू आहेत. पहिल्या दोन महिन्यांत दोन झटके आले, नंतर नाही. घरातल्या सगळ्यांची शौच तपासली. जंत निघाला तो मावशीच्याच भावात, जो शेजारच्या खोलीत राहतो आणि ज्यानं भगताची कोंबडी सगळ्यांत जास्त खाल्ली. त्याला एक डोस दिला. मावशीनं अजून भगत सोडला नाही, पण गोळीची वेळ तीच सांभाळते, आठ वाजता ताट आणि गोळी एकदमच समोर येतात.

या अंकाची पाकिटं त्यानंच चिकटवलीत. परवा आम्ही दोघं मुकादमाकडं गेलो, धक्क्यावर मोजणीचं काम दे म्हणालो. बघतो म्हणाला. सोमवारी परत जाणार आहोत. या खेपेला टोळीतले अकराच्या अकरा येतो म्हणालेत.